जिनिव्हाचं भाडं कोण भरणार?

(वडाळ्याच्या एका विहारात रविवारच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. फक्त शिव्या कमी केल्यात.)



आजचा विषय फळ्यावर लिहिलाय. ‘आंतरराष्ट्रीय क्षेत्रात पदवीधरांना प्रवेश’. आणि बोलणारा कोण, तर मॅट्रिक झालेला, गोदीत कंत्राटावर माल उतरवणारा. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं ते मी ऐकलं. हसू दे. मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं. ज्यानं मुंबईच्या बाहेर पाऊल टाकलं ते फक्त नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत, त्यानं परराष्ट्रावर काय बोलायचं? पण मी रोज परराष्ट्राला हात लावतो. ते क्रेनला लटकून माझ्या डोक्यावरून जातं.

आमच्या धक्क्यावर स्टीलच्या कॉइल येतात. एकेक कॉइल दहा-पंधरा टनांची. तिच्यावर वजन लिहिलेलं असतं. स्लिंग लावणारा ते वाचतो, क्रेनवाला ते वाचतो, मगच उचल. नाय वाचलं आणि स्लिंग तुटली, तर खाली उभा असलेल्याचं घरी न्यायला काही उरत नाही. पहिल्या वर्षी मी समजायचो की हे वजन मालक त्याच्या हिशोबासाठी लिहितो. मग युनियनच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, ‘पोरा, मालक सुखासुखी लिहील होय? हे लिहायला लावलंय. जिनिव्हात.’

मी शोधलं. खरं निघालं. १९२९ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनं, म्हणजे आय.एल.ओ.नं, एक करार केला. त्याचा नंबर २७. बोटीनं जाणारी एक टन किंवा त्याहून जड कुठलीही वस्तू असेल, तर तिच्यावर तिचं वजन ठळक आणि टिकेल असं लिहायचं. १९३१ साली भारतानं त्याला मंजुरी दिली. १९५१ साली आपल्याकडे जड पेट्यांवर वजन लिहिण्याचा कायदा झाला. म्हणजे माझा बाप जन्मायच्या आधी कुठल्यातरी टेबलाभोवती बसून काही माणसांनी एक वाक्य लिहिलं, आणि त्या वाक्यानं आज माझे पाय शाबूत आहेत.

आणखी एक करार आहे, नंबर १११. कामधंद्यातल्या भेदभावाविरुद्धचा. १९५८ चा. भारतानं तो १९६० साली मंजूर केला. त्याच कराराचा आधार घेऊन आय.एल.ओ.च्या तज्ज्ञ समितीनं भारत सरकारला विचारलं की हातानं मैला उचलायला लावणं अजून का चालू आहे, आणि एकाच जातीची माणसं का त्यात आहेत. दिल्लीतल्या बाबूला उत्तराचा कागद करावा लागला. आपल्या गटारीचा प्रश्न जिनिव्हाच्या टेबलावर गेला तेव्हा कुठे तो कागद झाला.

तेव्हा परराष्ट्र म्हणजे सुटाबुटातल्या लोकांचा चहा-बिस्किटांचा कार्यक्रम, असं समजू नका. तिथे आपल्या पाठीवरचं वजन ठरतं. ते वजन लिहिणारा हात कुणाचा, हा आजचा प्रश्न आहे.

आता जरा मागं जाऊ.

बाबासाहेबांना हे टेबल फार आधी कळलं होतं. १९३० साली गोलमेज परिषदेला ते आणि रेट्टमलै श्रीनिवासन लंडनला गेले. आपला प्रश्न घेऊन आपलेच दोघं जगापुढं बसले. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिलं. तिकडच्या काळ्या लोकांनी युनोकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं. त्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागितल्या, आणि अस्पृश्यही तसाच विचार करताहेत असं कळवलं. पुढे १९५१ च्या ऑक्टोबरात मंत्रिपद सोडल्याचं निवेदन केलं, त्यात त्यांनी सांगितलं की अनुसूचित जातींच्या स्थितीवर युनोला द्यायचा एक अहवाल मी तयार केला होता, पण दिला नाही. संविधान सभेला आणि पुढच्या संसदेला संधी द्यावी म्हणून थांबलो.

थांबलो. या एका शब्दावर मी रात्रपाळीत कितीतरी वेळा अडकलोय. अहवाल तयार होता. तो दिला गेला नाही.

मग तो कधी गेला? १९८३ च्या ऑगस्टमध्ये भगवान दास जिनिव्हाला गेले आणि युनोच्या मानवी हक्कांच्या उपसमितीपुढं अस्पृश्यतेवर साक्ष दिली. बत्तीस वर्षं. मग २००१ साली दक्षिण आफ्रिकेत दरबानला वंशवादाविरुद्धची जागतिक परिषद भरली. आपली माणसं गेली, घोषणा दिल्या, जगाच्या पत्रकारांना समजावून सांगितलं. भारत सरकारनं भूमिका घेतली की जात म्हणजे वंश नव्हे, आमच्या घरातली गोष्ट इथं नको. शेवटच्या जाहीरनाम्यात जात आली नाही. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, वंशभेद निर्मूलनाच्या युनो समितीनं आपल्या २९ व्या शिफारशीत लिहिलं की जन्मावरून होणारा भेदभाव यात येतो आणि त्यात जातही येते. म्हणजे बाहेरच्या मैदानात ओरडून जे कागदावर आलं नाही, ते आतल्या समितीत आलं.

यातून मी एक गोष्ट शिकलो. आपण कायम साक्षीदार म्हणून गेलो. दोन मिनिटं बोलायला मिळतात, मग माईक बंद. साक्षीदार परत येतो. मसुदा लिहिणारा तिथंच राहतो. कुठला शब्द ठेवायचा, कुठला खोडायचा, कुठली फाईल आज वर न्यायची, कुठली खाली दाबायची, हे खुर्चीवरचा माणूस करतो. आणि त्या खुर्चीवर जायची वाट वयाच्या बावीस ते बत्तीस या दहा वर्षांत असते. इथं बसलेल्या बऱ्याच जणांचं तेच वय आहे. म्हणून हा विषय.

आता वाटा सांगतो. नीट ऐका, ज्यांच्याकडं वही आहे त्यांनी लिहा.

पहिली वाट भारतीय विदेश सेवेची. यू.पी.एस.सी.ची जी परीक्षा कलेक्टर होण्यासाठी, तीच. कुठल्याही मान्य विद्यापीठाची कुठलीही पदवी चालते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची चालते. आपल्याला फी नाही. खुल्या गटाला वय बत्तीसपर्यंत आणि सहा संधी. अनुसूचित जातींना सदतीसपर्यंत, आणि त्या वयापर्यंत बसाल तितक्या वेळा. आधी पूर्वपरीक्षा. मग मुख्य परीक्षा, तिचे गुण १७५०. मग मुलाखत, २७५. एकूण २०२५. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखत मराठीतून देता येते. पण पूर्वपरीक्षेचा पेपर येतो फक्त हिंदी आणि इंग्रजीत. म्हणजे मराठी पोरानं मराठीत लिहायला आधी हिंदी-इंग्रजीची शिडी चढायची. ही त्यांची गंमत.

पास झालात की मसुरी, मग दिल्लीत विदेश सेवेची संस्था, मग एक परकी भाषा नेमून देतात. अरबी, चिनी, रशियन, फ्रेंच, स्पॅनिश, जी वाट्याला येईल ती. ती शिकायला त्या मुलखात पाठवतात. आणि महत्त्वाचं म्हणजे प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून पगार. हे अधोरेखित करा, याच्यावर परत येणार आहे. जागा मात्र थोड्या. वर्षाला काही डझन. एवढ्या मोठ्या देशाची विदेश सेवा साधारण हजार अधिकाऱ्यांच्या घरात.

दुसरी वाट युनोची. तिला तरुण व्यावसायिकांचा कार्यक्रम म्हणतात, लोक वाय.पी.पी. म्हणून ओळखतात. वय बत्तीसपर्यंत, एक पदवी, इंग्रजी किंवा फ्रेंच उत्तम. अनुभव मागत नाहीत. परीक्षा, मुलाखत, मग यादी. यादीत नाव आलं म्हणजे लगेच नोकरी असं नाही. जागा निघाली की बोलावतात, पहिली नेमणूक दोन वर्षांची. पण या दाराला एक मेख आहे. ज्या देशांची माणसं युनोत कमी, त्याच देशांच्या लोकांना अर्ज करता येतो. देशांची यादी दर वर्षी निघते. भारत यादीत असेलच असं नाही. ज्या वर्षी नाही, त्या वर्षी कितीही हुशार असा, दार बंद. म्हणून दर वर्षी यादी बघायची.

आता यावर थोडं थांबू, कारण हे मला फार गोड लागलं. युनोच्या घटनेचं १०१ वं कलम म्हणतं की माणसं निवडताना कार्यक्षमता, पात्रता आणि सचोटी बघा, आणि शक्य तितक्या विस्तृत भौगोलिक पायावर निवडा. कुठल्या देशाची किती माणसं असावीत याचा हिशोब ठेवतात. देश सभासद आहे म्हणून काही, वर्गणी किती देतो त्यावर काही, लोकसंख्या किती त्यावर काही. च्यायला, याला आपल्या गावात काय म्हणतात? राखीव जागा म्हणतात! जगातली सगळ्यात मोठी संस्था प्रतिनिधित्वाच्या तत्त्वावर उभी आहे, आणि तिथं कुणी म्हणत नाही की गुणवत्ता बुडाली. इथल्या नाक्यावर आरक्षणाच्या नावानं बोटं मोडणाऱ्याचा भाऊ तिथं देशाच्या वाट्यातून साहेब होतो आणि पेढे वाटतो.

पण त्या हिशोबातली खोच बघा. युनो देश मोजते, वस्ती मोजत नाही. भारताचा माणूस म्हणजे भारताचा माणूस. तो दिल्लीच्या बंगल्यातून आला की वडाळ्याच्या झोपडीतून, हा रकानाच फॉर्मवर नाही. देशाचा वाटा वरच्यावर भरतो आणि भारत पुरेसा आला असं लिहिलं जातं.

तिसरी वाट कनिष्ठ अधिकाऱ्यांची, जे.पी.ओ. म्हणतात. श्रीमंत देश युनोला पैसे देतात आणि त्या पैशात मुख्यतः आपलीच पोरं दोन-तीन वर्षं तिथं नेमतात. काही मोजके देश गरीब देशांच्या पोरांसाठीही काही जागांचे पैसे भरतात. तेवढी फट आहे. फट म्हणून लक्षात ठेवा. शिवाय युनोची स्वयंसेवक योजना आहे. नाव स्वयंसेवक, पण राहण्या-खाण्याचा महिन्याचा भत्ता मिळतो. अनुभव मिळतो. वय अठरा झालं की सुरुवात करता येते.

आणि चौथी वाट इंटर्नशिपची. उमेदवारी. फार गर्दीची, आणि कुलूप तिथंच आहे.

युनोच्या सचिवालयाची उमेदवारी दोन ते सहा महिन्यांची. पगार शून्य. विमानाचं तिकीट तुमचं, व्हिसा तुमचा, विमा तुमचा, खोली तुमची, जेवण तुमचं. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हा. जिनिव्हात साध्या खोलीचं महिन्याचं भाडं आपल्या लाखाच्या आसपास जातं. २०१५ साली तिथं न्यूझीलंडचा एक बावीस वर्षांचा पोरगा इंटर्न तलावाकाठी तंबू ठोकून राहिला. वर्तमानपत्रांत फोटो आले, जग हळहळलं. मी फोटो बघून म्हटलं, बाबा, तुझ्याकडं तंबू तरी होता, आणि न्यूझीलंडचा पासपोर्ट होता. आपल्या पोरानं तलावाकाठी तंबू ठोकला असता तर पोलिसांनी फोटो काढला असता.

आमच्या चाळीतली एक ताई सांगतो. नाव सांगत नाही. बाप सफाई खात्यात. ताई एम.ए. झाली, राज्यशास्त्र, पहिल्या वर्गात. अशाच एका मोठ्या जागतिक संस्थेच्या कचेरीतून तिला पत्र आलं. निवड झाली, सहा महिने, या. सगळी चाळ नाचली. तिच्या आईनं खीर केली. रात्री ताई माझ्याकडं आली, माझ्या खिशात टॅलीचा कोरा कागद होता, त्याच्यामागं आम्ही हिशोब मांडला. तिकीट. खोली गुणिले सहा. विमा. जेवण एक वेळचं धरलं. बेरीज बापाच्या दोन वर्षांच्या पगाराच्या वर गेली. त्यांनी लिहिलं होतं की खर्चाची जबाबदारी उमेदवाराची.

महिन्यानं विचारलं, ‘ताई, तू नाय म्हणालीस?’

म्हणाली, ‘नाय म्हणाले नाय रे. उत्तरच दिलं नाय. तारीख गेली.’

आज ती एका खाजगी क्लासात नागरिकशास्त्र शिकवते. युनोचे सहा विभाग पोरांकडून पाठ करून घेते.

मित्रांनो, ताईला परीक्षेत कुणी नापास केलं नाही. तिला कुणी जात विचारली नाही. कुणी पाण्याचा पेला वेगळा ठेवला नाही. तिला फक्त सहा महिन्यांचं भाडं विचारलं. पूर्वी वेशीवर महार म्हणून अडवायचे. आता भाडं आहे का विचारतात. अडवला जाणारा माणूस तोच. आणि पुढची खेळी बघा. पुढच्या प्रत्येक नोकरीच्या जाहिरातीत लिहितात, आंतरराष्ट्रीय कामाचा अनुभव हवा. तो अनुभव फुकटात राबून मिळतो. फुकटात राबायला ज्याच्या बापाचं घर भाड्यानं दिलेलं आहे, तोच राबू शकतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलो, त्याचा दाखला कुणी दिला नाही.

सगळीकडं असंच आहे असं नाही, तेही सांगतो. आय.एल.ओ. आपल्या उमेदवारांना भत्ता देते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० पासून सुरू केला. तोही आपोआप झाला नाही. फुकट राबणाऱ्या पोरांनी जिनिव्हात निदर्शनं केली, पत्रकं काढली. म्हणजे तिथंही मोर्चा लागतोच.

आता अमेरिकेकडं बघू. आपल्या चळवळीचं पँथर हे नाव तिकडूनच आलं, १९७२ साली. तेव्हा तिथल्या काळ्या लोकांनी या कुलपाचं काय केलं, हे बघणं आपलं कामच आहे.

राल्फ बंच हा काळा माणूस. कॉलेजात शिकताना झाडलोटीचं काम करायचा. युनो उभी राहिली तेव्हापासून तिच्यात होता. १९५० साली शांततेचं नोबेल मिळालं, ते मिळवणारा पहिला काळा माणूस. पण एक बंच पुढं गेला म्हणून खात्याचा रंग बदलला नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं गोरंच राहिलं. मग लढून योजना काढाव्या लागल्या. १९९२ साली पिकरिंग फेलोशिप. २००२ साली रँगेल फेलोशिप, हार्लेमच्या एका काळ्या खासदाराच्या नावानं. योजना काय? दोन वर्षांचं एम.ए. करायला पैसे. मधल्या सुट्टीत वकिलातीत उमेदवारी, तीही पैसे देऊन. मग थेट विदेश सेवेत प्रवेश आणि किमान पाच वर्षं नोकरी करण्याचा करार. काळी, तपकिरी, गरीब घरातली पोरं यातून आत गेली. त्यांनी ओळखलं की कुलूप अकलेचं नाही, भाड्याचं आहे. म्हणून किल्लीही भाड्याचीच केली.

हार्लेम कुठं आहे माहिताय? कोलंबिया विद्यापीठाच्या शेजारी. १९१३ साली बाबासाहेब तिथंच शिकायला उतरले. आणि त्यांची किल्ली काय होती? बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि करार, की परत येऊन संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची. रँगेलच्या करारात आणि बडोद्याच्या करारात फरक काय? मला तरी दिसत नाही. भाडं भरलं, म्हणून बाबासाहेब घडले. अक्कल त्यांची होतीच. पण अक्कल बोटीचं तिकीट काढत नाही, हे गोदीवाल्याला तुम्ही शिकवू नका.

मिळालेलं दार परत बंदही होतं. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या नव्या अध्यक्षानं सरकारी खात्यांतल्या विविधतेच्या योजना गुंडाळायचा हुकूम काढला. लढून मिळालेल्या गोष्टीला रोज पहारा लागतो.

आता आपल्या सरकारकडं या. अनुसूचित जातींच्या पोरांसाठी परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. आज जागा १२५. सगळ्या देशाला १२५. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, तिच्यात ७५. आणि २०२२ साली राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या नियमात एक ओळ घातली. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास, हे विषय घेतले तर पैसे नाहीत. बाहेर जा, शिका, पण स्वतःबद्दल शिकू नका. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबियात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. आजच्या नियमात तो निबंध बसला नसता. सयाजीरावांच्या पैशावर जे चाललं, ते बाबासाहेबांच्या घटनेखालच्या सरकारच्या पैशावर चालत नाही!

आणि २०२५ च्या जुलैत काय झालं? १०६ जण निवडले, त्यातल्या ४० जणांना आधी पत्रं दिली. उरलेल्यांना सांगितलं, निधी असेल तर बघू. विद्यापीठात जागा मिळालेली, सत्र सुरू होण्याची तारीख डोक्यावर, आणि पोरगा निधीची वाट बघतोय. परत तीच गोष्ट. तारीख गेली.

आता एक सवाल, जो तुमच्यापैकी बरेच जण चहा पिताना मला विचारणार आहेत. म्हणून आधीच घेतो. ‘तू म्हणतोस खुर्चीवर जा. पण खुर्चीवर गेलेला आपला राहतो का? दरबानला सरकारी शिष्टमंडळात आपला एखादा पोरगा असता, तर त्यालाही जात म्हणजे वंश नव्हे हेच वाचून दाखवावं लागलं असतं.’

बरोबर आहे. लागलं असतं. विदेश सेवेतला माणूस सरकारचं तोंड असतो. हे माहीत असूनच आत जायचं. ज्याला हे गिळवत नाही त्यानं त्या वाटेनं जाऊ नये, दुसरी धरावी. युनोच्या घटनेचं १०० वं कलम सांगतं की युनोच्या नोकरानं कुठल्याही सरकारकडून हुकूम घ्यायचा नाही. ती वाट वेगळी. आय.एल.ओ.ची वाट वेगळी. वाटा नीट ओळखून निवडा.

पण सरकारच्या खुर्चीवरही माणूस माणूसच असतो. के. आर. नारायणन बघा. केरळातलं दलित घर. फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभं राहून धडे ऐकलेला पोरगा. टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडनला शिकला. परत भाडं आलं, लक्षात घ्या. १९४९ साली विदेश सेवेत. थायलंड, तुर्कस्तान, चीनमध्ये राजदूत, मग १९८० ते १९८४ अमेरिकेत. १९९७ साली राष्ट्रपती. सरकारी भाषा त्यांनीही आयुष्यभर बोलली. पण १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीची फाईल समोर आली, तेव्हा त्यांनी फाईलवर लिहिलं की अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांचा आणि स्त्रियांचा विचार व्हावा. त्या एका शेऱ्यानं देशभर चर्चा झाली. तो शेरा बाहेर उभं राहून लिहिता येत नाही. पेन खुर्चीपुढं असतं.

एक नारायणन पुरत नाही, हेही खरं. बंच एक होता तेव्हा खातं बदललं नाही. एकटा गेला की त्याचा साहेब होतो. पन्नास गेले की त्यांना वस्ती आठवत राहते, कारण एकमेकांच्या तोंडावर वस्ती दिसते.

मग करायचं काय? मोठी भाषणं नको. पाच कामं सांगतो.

एक. विहारात एक वही ठेवा, तारखांची. यू.पी.एस.सी.चा अर्ज कधी, वाय.पी.पी.ची देशांची यादी कधी, आय.एल.ओ.ची उमेदवारी कधी, शिष्यवृत्त्या कधी. दर रविवारी वाचून दाखवायची. आपली माणसं नापास कमी होतात, तारखेला जास्त मुकतात.

दोन. युनो अर्जाला, मुलाखतीला, कशालाच पैसे घेत नाही. गोदीच्या बाहेर बसलेले एजंट परदेशी नोकरीच्या नावानं पोरांना लुटतात. पैसे मागितले की समजा खोटं. वस्तीत सगळ्यांना सांगा.

तीन. भाषा. इथं संध्याकाळी कॅरम चालतो, चालू दे. पण एक तास इंग्रजी, एक तास फ्रेंच चालली पाहिजे. फ्रेंच म्हणजे काही सोनं नाही. शिकणारे शिकतात.

चार. मोर्चा. मागण्या साध्या. निवड झालेल्या एकूण एक जणाला शिष्यवृत्ती. २०२२ ची ती ओळ खोडा. पूर्वपरीक्षेचा पेपर मराठीत काढा. आणि आपल्या पोराला बिनपगारी आंतरराष्ट्रीय उमेदवारी मिळाली तर तिकीट आणि भाडं सरकारनं भरावं. अमेरिकेत पिकरिंगची योजना निघाली, तशी इथं बाबासाहेबांच्या नावानं निघाली पाहिजे. नावं फक्त चौकांना आणि विमानतळांना द्यायची नसतात.

पाच. सरकार देईल तेव्हा देईल. तोवर आपण. महिन्याला एका दिवसाची मजुरी. या खोलीत आज साठ-सत्तर जण आहेत. आपल्या आज्या-आजोबांनी धान्य गोळा करून वसतिगृहं चालवली. वर्षाला एक ताई पाठवणं आपल्याला जमेल. पण जी जाईल तिनं दर वर्षी इथं येऊन हिशोब द्यायचा. पैशाचा नाही. तिथं काय पाहिलं, कुठला कागद आपल्या विरुद्ध जातोय, कुठला आपल्या बाजूनं, याचा. बडोद्याचा करार दहा वर्षांचा होता. आपला करार एवढाच.

आता माझं सांगतो आणि खाली बसतो. ज्या वाटा सांगितल्या, त्यातल्या बहुतेक मला बंद आहेत. मी मॅट्रिक. वय अजून आहे. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म दोन वर्षं माझ्या पत्र्याच्या पेटीत पडून आहे, कवितांच्या वहीखाली. बाबासाहेबांचा अहवाल तयार असून दिला गेला नाही, ते मी तुम्हाला मोठ्या तोंडानं सांगितलं. आणि माझा साधा फॉर्म पेटीत. हे भाषण तयार करताना त्याची लाज वाटली. उद्या पहिली पाळी आहे. सुटलो की फॉर्म भरतो. टॅली क्लार्कला साक्षीदार ठेवतो.

आणि ताई, तू मागं दारापाशी उभी आहेस ते मी बघितलं. एका दिवसाची मजुरी मी आत्ता वहीवर ठेवतोय. पहिलं नाव माझं. पुढच्या वर्षीची तारीख जाऊ द्यायची नाय.

जय भीम.